तुमी इचारलं काय, त्यावर हाय

घर चांगलं आहे का, एवढंच मी विचारलं होतं. पुण्याहून अमरावतीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला मी नुकताच आलो होतो. काखेत वळकटी होती, उन्हानं डोकं तापलं होतं, आणि अंबापेठेतल्या त्या दोन खोल्यांसमोर मला घेऊन आलेल्या गृहस्थांकडून हो किंवा नाही यांपैकी एक शब्द मला हवा होता. गृहस्थ धोतर नेसले होते, अंगात काळा कोट होता, आणि कोटाचे दोन्ही खिसे खडूच्या भुकटीनं पांढरे झाले होते. त्यांनी घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "तुमाले झोपाले पायजे, का लिवाले?"

मी म्हटलं, दोन्हीला.

"झोपाले चांगलं हाय. लिवाले खराब. शेजारी मी राहतो."

हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तुळशीराम गावंडे. पुढची कितीतरी वर्षं मी त्या घरात गाढ झोपलो आणि फारसं काही लिहिलं नाही.

गावंडे मूळचे हिवरखेडचे. घरची काळी जमीन, कापूस-ज्वारीचं पीक, थोरले भाऊ शेती पाहणारे. हे एकटेच शिकायला म्हणून नागपूरला गेले आणि तिथं त्यांना नव्या पदार्थविज्ञानाचं वेड लागलं. तेव्हा विलायतेत अणूच्या पोटात काय चाललंय याचा शोध लागत होता आणि मोठमोठे शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडत होते. ती भांडणं जहाजानं, मग आगगाडीनं, मग टांग्यानं प्रवास करत जाड इंग्रजी पुस्तकांच्या रूपात गावंड्यांच्या घरी उतरत. या शास्त्राला मराठीत नाव नव्हतं. गावंडे त्याला पुडीचं शास्त्र म्हणत. उजेड वाण्याकडच्या तेलासारखा धारेनं मिळत नाही, साखरेच्या पुडीसारखा मिळतो, अर्धी पुडी मागितली तर वाणी देत नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य असे. वर्गात ते आधी पुस्तकातलं इंग्रजी शिस्तीत वाचून दाखवत. मग पुस्तक मिटत, टोपी टेबलावर ठेवत, आणि तेच सगळं वऱ्हाडीत सांगत. टोपी निघाली की मागच्या बाकावरची मुलं पुढं सरकत.

त्यांच्याशी बोलणं माझ्यासारख्या माणसाला सोपं नव्हतं. माझं सगळं शास्त्र एका खांबावर उभं: एखादी गोष्ट एक तर आहे, नाहीतर नाही, मधलं काही नसतं. गावंड्यांचं म्हणणं, तो खांब चांगला आहे, पण त्याला सगळीकडे पुरू नका. उजेड कण आहे की लाट, असं मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं. ते म्हणाले, "तुमी इचारलं काय, त्यावर हाय." कणाचा प्रश्न विचाराल तर तो कण होऊन उत्तर देतो, लाटेचा विचाराल तर लाट होऊन. मी चिडून म्हटलं की ही लबाडी झाली. त्यांनी खिशातले फुटाणे माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, लबाडी उजेडाची नाही, आपण त्याला दोनच नावं ठेवली ही चूक आपली आहे.

ही सवय त्यांच्या घरातही शिरली होती. जेवायला घरी आहात की बाहेर, असं वहिनींनी विचारलं तर ते म्हणत, असंबी हाय, तसंबी हाय. म्हणजे प्राचार्यांनी थांबवून घेतलं तर बाहेर, नाहीतर घरी. वहिनी म्हणजे गावंड्यांच्या पत्नी. शाळेत चार इयत्ता शिकलेल्या, पण नवऱ्याचं शास्त्र ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. एकदा माझ्यासमोरच गावंड्यांनी घरात शिरत भाजी केली का म्हणून विचारलं. वहिनी पाटावरून न उठता म्हणाल्या, "केली अन् नाई केली. झाकण काढा, मंग समजते." गावंडे इतके खूश झाले की झाकण काढायचंच विसरले आणि मला हे वाक्य इंग्रजीत कसं करता येईल ते विचारत बसले. भाजी केलेली नव्हती.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. या शास्त्राचा कुणी भलताच उपयोग केला की हा हसरा माणूस एकदम करडा होई. एकदा गावातल्या वाचनालयात एका बाहेरगावच्या वक्त्याचं व्याख्यान होतं. भगवी शाल, भरघोस आवाज. त्यांनी सांगितलं की पाश्चात्त्य विज्ञानानं आता आपला मायावाद सिद्ध केला आहे. पाहणारा पाहतो म्हणून जग आहे, पाहणारा नसेल तर जग नाही. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मोठ्या कौतुकानं गावंड्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. आता झालं असं होतं की संयोजकांच्या विसरभोळेपणामुळे वक्त्यांना आणायला बडनेऱ्याच्या स्टेशनावर कुणीच गेलं नव्हतं, आणि ते बिचारे स्वतःच टांगा करून आले होते. गावंडे उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली, आणि म्हणाले, "सकायी हे बडनेऱ्याले उतरले, तवा त्याईले पाहाले आपल्यातलं कोनी नवतं. तरी ते आले. त्यापक्षी जग हाय."

सभा हसली. गावंडे मात्र हसले नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं की हे जे पाहण्यानं बदलतं म्हणतात, ते अणूच्या पोटातल्या कणांपुरतं आहे. तो कण इतका बारीक, की त्याला पाहायचं म्हणजे उजेडाची एक पुडी त्याच्यावर फेकून मारावी लागते, आणि तेवढ्यानं तो हलतो. म्हशीकडे कितीही टक लावून पाहिलं तरी म्हैस हलत नाही. आणि आपल्या पोथ्या मोठ्या आहेत, त्यांना विलायती दाखल्याची गरज नाही. त्यानंतर गावात काही दिवस 'म्हैस हलत नाही' ही म्हणच झाली. वक्ते मात्र मोठ्या मनाचे निघाले. परत जाताना गावंड्यांच्या घरी जेवले आणि वहिनींच्या हातच्या पातोड्यांची त्यांनी दोनदा तारीफ केली.

अशा या माणसाला एक मुलगी होती. इंदू. मॅट्रिक झालेली, गणितात हुशार, बापासारखीच रुंद कपाळाची. घरात ती घडाघडा बोले. आई रागावली की तिची नक्कलही करी. पण चार परके लोक समोर बसले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं, की शब्द तिच्या ओठांवर येऊन अडे. पहिलं अक्षर दोनदा, तीनदा निघे, मग मान खाली जाई आणि सगळंच थांबे. त्या काळी मुलगी पाहायला येणारे काय विचारत? नाव काय, किती शिकलीस, स्वयंपाकात काय येतं. तिला नावापलीकडे जाता येत नसे. तीन ठिकाणची माणसं पोहे खाऊन गेली आणि तीन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या नकारात स्पष्टच लिहिलं होतं की मुलीच्या वाचेत दोष आहे. त्या दिवशी वहिनींनी चूल पेटवली नाही, आणि गावंड्यांनी तासाला टोपी काढली नाही.

आता गावंड्यांच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीविषयी सांगायला हवं. मागच्या अंगाला एक लहानशी खोली होती. तिच्या खिडकीला त्यांनी फळ्या ठोकल्या होत्या आणि एका फळीला बारीक भोक पाडलं होतं. बाहेर अंगणात एक आरसा. आरशानं सूर्याची तिरीप त्या भोकातून आत सोडायची, तिच्यापुढं लाल काच धरायची, आणि तिच्यापुढं दिव्याची काजळी धरलेली दुसरी काच. या काजळीवर ब्लेडनं दोन रेघा अगदी जवळजवळ ओढलेल्या. पलीकडच्या पांढऱ्या कागदावर मग उजेडाच्या दोन रेघा पडायला हव्यात की नाही? तशा पडत नसत. एक पट्टा उजेडाचा, एक अंधाराचा, पुन्हा उजेडाचा, असे कितीतरी पट्टे दिसत. एकच रेघ उघडी ठेवली की ते गायब. म्हणजे उजेडात उजेड मिळवला की मधे मधे अंधार होतो. रविवारी दुपारी हे पाहायला शेजारपाजारची माणसं येत. शिक्षक, वकील, शिंपी, एकदा तर वर्दीतला पोलीसही. सूर्य सरके तसा आरसा हलवावा लागे. ते काम इंदूचं. ती बाहेर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, आरशापाशी बसलेली असे.

तिसऱ्या नकारानंतरच्या रविवारी गावंड्यांचा घसा बसला होता. माणसं तर येऊन बसलेली. त्यांनी मला खूण करून आरशापाशी पाठवलं आणि इंदूला काचा धरायला म्हणून आत बोलावून घेतलं. मी बाहेर आरसा धरून बसलो. फळ्यांपलीकडून एक स्वच्छ, मोकळा आवाज येऊ लागला. उजेडाची पुडी, दोन वाटा, ती पुडी कुठल्या वाटेनं गेली हे पकडायला गेलं की पट्टे मोडतात, मग ती पुडी साध्या गोळीसारखी वागते, असं सगळं तो आवाज सांगत होता. कुणीतरी प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर आलं, आणि वर एक चेष्टाही, ज्यावर आतली माणसं हसली. मला वाटलं, कॉलेजातली कुणी बाई आलेली दिसते. दार उघडलं आणि डोळे चोळत माणसं बाहेर आली, तेव्हा कळलं की ती इंदू होती. बाहेर आल्यावर शिंप्याच्या बायकोनं तिचं कौतुक केलं, तर 'हो' म्हणतानाही ती अडखळली.

गावंडे त्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसले. बसक्या आवाजात म्हणाले की पोरीच्या जिभेत दोष नाही, दोष पाहण्यात आहे. मी तर्कशास्त्राचा माणूस. मी लगेच त्यांना धरलं. म्हटलं, गावंडे, वाचनालयात तुम्हीच सांगितलंत की म्हैस हलत नाही, आणि आता स्वतःच्या मुलीला इलेक्ट्रॉनचा नियम लावता?

गावंडे म्हणाले, "पोट्टीले फिजिक्स लावून नाई राहिलो, पुणेकर. फिजिक्सनं मले एक सवय लावली. उत्तर चुकलं, की आंधी प्रश्न पाहा लागते. आमी तीनदा उत्तरच तपासून राहिलो."

त्या सुमारास अकोल्याहून एक स्थळ आलं होतं. वानखडे वकील, त्यांचा मुलगा भास्कर गुरांचा डॉक्टर. गावंड्यांनी त्यांना कळवलं की मुलगी पाहायला रविवारी दुपारी या, पण आमच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम अंधारात असतो. वहिनींनी कपाळाला हात लावला. मीही सांगून पाहिलं की लोक काय समजतील. पण वानखडे वकील हौशी माणूस. उभा जन्म उलटतपासणीत गेला असला तरी असली साक्ष त्यांनी कधी घेतली नव्हती. ते, त्यांच्या पत्नी आणि भास्कर ठरल्या वेळी आले. पोहे झाले. इंदूनं पोहे आणून ठेवले आणि ती आत गेली, एवढंच. मग सगळे अंधाऱ्या खोलीत. आरशाला पुन्हा मी.

आत जे झालं ते मी फळीला कान लावून ऐकलं. इंदू बोलली. वकिलांनी सवयीप्रमाणे तिला शब्दांत पकडायला पाहिलं; म्हणाले, आताच तू म्हणालीस पुडी एका वाटेनं जाते, आता म्हणतेस दोन्ही वाटांनी, यातलं खरं कोणतं? तिनं उत्तर दिलं की कोणत्या वाटेनं गेली हे कुणी पाहिलेलंच नसेल, तर त्याबद्दल शपथेवर सांगू नये. वकील मोठ्यानं हसले. वकिलीणबाईंनी विचारलं की हे सगळं शिकून संसारात काय उपयोग. ती म्हणाली, दोघांचं खरं असू शकतं एवढं कळलं तरी घरातली अर्धी भांडणं मिटतील. भास्करचा आवाज मला ऐकू आला नाही. तो काही बोललाच नसावा.

अकोल्याचा होकार दोनच दिवसांत आला. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. गावंडे कॉलेजात दिसेल त्याला सांगत सुटले की प्रयोग यशस्वी झाला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे अभिनंदनाला गेलो होतो, म्हणून पुढचं मला पाहायला मिळालं. इंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरातच, आपल्याच माणसांसमोर, पण त्या दिवशी तिची जीभ अडत होती. मला पाहून असेल किंवा मनात जे होतं त्यामुळे असेल.

"बा... बाबा," ती म्हणाली, "मी अं... अंधारातच संसार करू काय?"

गावंड्यांच्या हातात फुटाणे होते, ते त्यांनी परत खिशात टाकले. त्यांची मुलगी पुढं हळूहळू, थांबत थांबत सांगत होती की अकोल्याच्या लोकांनी मला नीट पाहिलं नाही, आणि मीही त्यांना नीट पाहिलं नाही. पुढं उजेडात मी अडखळले की ते म्हणतील, फसवलं.

गावंडे उठले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग मला म्हणाले, "पोट्टीनं बरोबर इचारलं. मी अर्धाच प्रयोग केला."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही अकोल्याला गेलो. गावंडे, वहिनी, इंदू, आणि वहिनींना सोबत वाटावी म्हणून मी. मुलीनं मुलाच्या घरी जाऊन मुलाला पाहायचं, ही गोष्ट त्या वेळी वऱ्हाडात कुणी ऐकलीही नव्हती. गाडीत वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मूर्तिजापूर आलं तेव्हा गावंड्यांनी त्यांना चहा घ्यायचा का विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. गावंडे मला हळूच म्हणाले की आज झाकण काढायचीही सोय नाही.

वानखड्यांच्या बैठकीत भरपूर उजेड होता. मोठ्या खिडक्या, पांढरी गादी, तक्के. आम्ही भिंतीच्या एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. भास्कर मी पहिल्यांदाच नीट पाहिला. सावळा, मजबूत मनगटांचा, बुजरा. इंदूनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला. वकिलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. गावंडे माझ्या कानाशी लागून म्हणाले की पाहिलं की हलते, तुमचा तर्क गेला.

मग इंदू म्हणाली की तिला एक गोष्ट विचारायची आहे. वकिलांनी विचार म्हटलं. ती भास्करकडे वळली. मी बोलताना अडखळते, हे तिनं कसंबसं पुरं केलं. पुढचं वाक्य तिनं सुरू केलं. "चार लोकांत तुमाले माही ला..." आणि ती अडली. ओठ तसेच राहिले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथंच.

पुढचा शब्द काय, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वहिनींचे ओठ तो शब्द नुसताच उच्चारत होते. वकिलांनी तो सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्या पत्नीनं त्यांचा हात दाबला. मला स्वतःला तो शब्द ओरडून सांगावासा वाटत होता, इतकं ते थांबणं असह्य होतं. गावंडे जमिनीकडे पाहत होते. एकटा भास्कर तिच्याकडे पाहत होता. दुसरीकडे नजर वळवली नाही, मान डोलावली नाही, धीराचं हसूही आणलं नाही. समोरच्याचं बोलणं संपलेलं नाही म्हणून माणूस जसा थांबतो, तसा तो थांबला होता.

"लाज वाटन काय?" इंदू म्हणाली.

भास्करनं बशी खाली ठेवली. "आता नाई सांगता येत," तो म्हणाला. "वाटली, तं आंधी तुमालेच सांगीन."

वकिलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की मुलानं केस घालवली. पण गावंड्यांनी मान वर केली, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. परतीच्या गाडीत आईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा इंदू एवढंच म्हणाली, "माहा शब्द त्याईनं माह्या तोंडातून काढून नाई घेतला." वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून सांज्याच्या पोळ्यांचा डबा काढला आणि सकाळपासून पहिल्यांदाच सगळ्यांना खायला दिलं.

लग्न हिवरखेडला झालं. भावांनी मांडव मोठा घातला होता. मुलगी सासरी निघाली तेव्हा कुणीतरी गावंड्यांना विचारलं की आनंद होतोय की वाईट वाटतंय. ते रडत होते आणि हसतही होते, त्यामुळे उत्तर देण्याची गरज पडली नाही. इंदूचं अडखळणं थांबलं नाही. तिची घाई मात्र थांबली. अकोल्यात ती पुढं मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. मी एकदा त्या शाळेवरून गेलो तेव्हा खिडकीतून पाहिलं. बाईंचा शब्द अडला होता आणि सगळा वर्ग, हातातल्या पेन्सिली थांबवून, निवांत बसला होता.

गावंड्यांना मी खचलेलं एकदाच पाहिलं. महायुद्धाच्या शेवटी जपानवर तो बॉम्ब पडल्याची बातमी आली, त्या दिवशी. आम्हाला कुणाला त्यातलं काही कळलं नव्हतं. ते एकटेच समजले. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले, वर्तमानपत्राची घडी मांडीवर. फुटाणे दिले तर घेतले नाहीत. म्हणाले, "तुमी इचारलं काय, त्यावर हाय, असं मी जन्मभर म्हनत आलो. हा प्रश्नही कोनीतरी इचारलाच ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात काहीही न लपवता मुलांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्यानंतर कित्येक महिने अंधारी खोली उघडली नाही. ती उघडली इंदूनं, बाळंतपणाला माहेरी आल्यावर. तिला डोहाळे कसले लागावेत, तर ते लाल पट्टे पाहायचे. गावंडे कुरकुरत आरसा पुसायला बसले. पुढच्या रविवारी पुन्हा माणसं.

निवृत्त होऊन ते हिवरखेडला गेले. मीही पुण्याला परतायचं ठरवलं आणि निरोप घ्यायला त्यांच्याकडे दोन दिवस राहून आलो. ते शेतात बाज टाकून बसत. कोट गेला होता, बंडी आली होती. गावातले लोक त्यांना विचारायला येत की पाऊस पडेल का. शिकलेला माणूस, त्याला ठाऊक असणार. गावंडे आभाळाकडे पाहून सांगत की दहा आणे पडन, सहा आणे नाई. लोकांना याचा भयंकर राग येई. एक म्हातारा माझ्यासमोर म्हणाला की गुरुजी, पेरू का नको, एवढं सांगा. गावंड्यांनी विचारलं, बियाणं किती हाय? मग त्याच्याशी तासभर बसून अर्धं आता, अर्धं नंतर, असा हिशेब करून दिला. तो जाताना पुटपुटला की हे तर मलेबी समजत होतं. गावंडे म्हणाले, मग बरोबरच असेल.

निघालो त्या सकाळी त्यांच्या भावाची दमणी, म्हणजे बैलांची छोटी गाडी, मला अकोटच्या मोटारीपर्यंत सोडणार होती. आदल्या रात्री आमचा वाद अर्धवट राहिला होता. माणसाला स्वतःला पूर्ण ओळखता येतं का, असा काहीतरी. मी म्हणत होतो येतं, येत नसेल तर तत्त्वज्ञान कशाला. दमणी निघाली तरी त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं, म्हणून ते बाजूनं चालू लागले, चाकाला एक हात लावून. गाव संपलं. बैलांनी वेग धरला तसे ते थोडे धावलेही. वाटेत नाला लागला. दमणी पाण्यातून पलीकडे चढली. ते धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात आले आणि मधोमध उभे राहिले, कारण पुढं चढ होता आणि त्यांना दम लागला होता.

मी मागं वळून पाहत होतो. त्यांचा आवाज येत नव्हता, बैलांच्या घुंगरांत तो बुडून गेला होता. दोन्ही हात वर करून ते काहीतरी समजावून सांगत होते. एक हात एका काठाकडे, एक दुसऱ्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण माणूस इतक्या जिवानं सांगतोय म्हटल्यावर मी जोरात मान हलवली, की पटलं.

ते त्यांना खरं वाटलं नसावं. त्यांनी हात खाली घेतले, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.